गाढव शेतीत, घोडा शेतीबाहेर



लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. वेळअमावास्येच्या सुमाराला नांदेड-लातूरच्या गावागावांतून माणसे तिकडे चालू लागतात. देवही तिथला घोड्यावर बसणारा. माळावर घोडे, गाढवे, खेचरे, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरे अशी सगळी दावण लागलेली असते. यातले कोणते जनावर शेतीतले आणि कोणते शेतीबाहेरचे, हे आपल्याला सांगता येणार नाही. दिल्लीला मात्र ते पक्के ठाऊक आहे.

२०१२ साली केंद्राने सेवाकराचा कायदा नव्याने बांधला. शेतीला करातून सोडायचे म्हणून शेती म्हणजे काय, हे लिहून काढले. पिके लावणे, आणि अन्न, धागा, इंधन, कच्चा माल असल्या कामांसाठी सर्व प्रकारचे जीव पाळणे म्हणजे शेती. इथपर्यंत ठीक होते. पण त्याच वाक्याच्या पोटात दोन-तीन शब्द घुसवले: घोडे पाळणे सोडून. २०१७ ला जीएसटी आला, सेवाकर गेला, अधिकाऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पण हे शब्द नव्या कागदावर जसेच्या तसे उतरले. रेशमाचा किडा शेतीत आहे. कोंबडी आहे, डुक्कर आहे, मधमाशी आहे. गाढवसुद्धा आहे. एकटा घोडा बाहेर.

विक्रीचेही तेच. गाय, बैल, म्हैस, गाढव, खेचर यांच्या विक्रीवर जीएसटी शून्य. जिवंत घोड्यावर २०१७ पासून १२ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ ला तो ५ टक्क्यांवर आणला आणि मोठे उपकार केल्यासारखे त्याचे नाव यादीत छापले. आता खेचराची आई कोण, हे ज्याने एकदा जनावरांचा बाजार पाहिला त्याला सांगावे लागत नाही. आई घोडी असली की कराची, तिच्या पोटचे खेचर बिनकराचे. असला कायदा करणाऱ्याने घोडा कुठे पाहिला असेल? मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, नाहीतर परदेशी पाहुण्याच्या स्वागताला. लोह्याच्या माळावर नक्कीच नाही.

कोणी म्हणेल, लहान माणसाला याचा काय त्रास? माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणीच लागत नाही, मग कशाला ओरडता? हिशेब खरा आहे, मी तो नाकारत नाही. आपल्यातल्या चार घोडेवाल्यांपैकी एकाचीही उलाढाल तिथे पोचत नाही. पण व्याख्या करापुरती राहत नाही. ती टेबलाटेबलावरून फिरते. हे मी घरात पाहिले आहे.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा कापसाला कंटाळला. गुलाबी बोंडअळीने दोन हंगाम खाल्ले, तेव्हा त्याने बांधाकडच्या पाऊण एकरात दोन घोड्या बांधल्या आणि धंदा धरला दुसऱ्यांचे घोडे सांभाळण्याचा. नांदेड-लातूरच्या शहरांत वरातीचे घोडे पाळणारे लोक आहेत. आषाढात लग्नतिथी संपल्या की कार्तिकापर्यंत घोडा नुसता उभा राहून खातो, आणि गल्लीत त्याला ठेवायला जागा नसते. ते घोडे हा पाच महिने ठेवून घेतो, महिन्याच्या बोलीवर. शिवाय यात्रेतून आणलेली कोरी शिंगरे शिकवून देतो. हे शिकवणे म्हणजे काय, ते ऐका. घोड्यावर बसायचे ते तो तीन वर्षांचा झाल्यावर. त्याआधी नुसता हात लावू देणे, पाय उचलू देणे, दोरावर गोल फिरणे. मग दूर बांधावर हलगी वाजवायची. आठवड्याने थोडी जवळ. मग फटाका, मग दिव्यांची माळ, मग डोक्यावरून पडणारे उपरणे. नवरदेव पाठीवर असताना घोडा उधळला नाही, यामागे दुसऱ्या कोणाचे तरी आठ-दहा महिने असतात.

हा पोरगा गावाजवळच्या एका बँकेत गेला. पत्र्याचे छप्पर, गव्हाण आणि पाण्याचा हौद यांसाठी कर्ज हवे होते. साहेब म्हणाले, म्हैस घे, लगेच बघतो, घोडा शेतीत बसत नाही. पोरगा म्हणाला, साहेब, सातबारा माझा, वैरण माझी, शेण माझ्याच रानात जाते, मग शेती कोणाची? साहेबांनी हसून फाईल परत दिली. मला येऊन म्हणतो, "काका, गाढवं पाळली असती तर बरं झालं असतं का?" मी काय सांगणार? कायद्याप्रमाणे बरेच झाले असते.

आता दुसरी बाजू पाहा. २१ फेब्रुवारी २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात दुरुस्ती केली. घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या धंद्यासाठी भांडवली खर्चाच्या ५० टक्के, ५० लाखांपर्यंत अनुदान. का? तर देशात घोडे संपत आले म्हणून. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टू सव्वासहा लाख होते, २०१९ ला तीन लाख चाळीस हजार उरले. म्हणजे एक खाते म्हणते घोडा पाळा, निम्मे पैसे आम्ही देतो. दुसरे खाते म्हणते घोडा पाळणे शेतीच नव्हे. आणि अनुदान मिळते कसे? दोन हप्त्यांत, बँकेचे कर्ज सुरू झाल्यावर एक आणि काम पुरे झाल्यावर दुसरा. ज्याच्या गाठीला आधीच पैसा किंवा ज्याच्या घरात बँकेचा माणूस, त्याला ही योजना. आपल्यासाठी ती वरातीमागून घोडे आहे. मला तर वाटते, हे अनुदान गुंडाळून ठेवावे आणि त्याऐवजी कायद्यातले ते शब्द काढावेत. सरकारला एक पैसा खर्च नाही.

कायदा म्हणतो, अन्न, धागा, इंधन, कच्चा माल. घोडा यातले काय देतो, असा प्रश्न सभेत येईल, म्हणून उत्तर घेऊन ठेवा. कापूस वेचताना, ज्वारी काढताना आपल्या किती माणसांना साप चावतो? आरोग्य केंद्रात जे इंजेक्शन देतात ते घोड्याच्या रक्तातून येते. घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष थोडे थोडे वाढवत टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्य तयार होते आणि ते काढून औषध बनते. मुंबईच्या हाफकिनने हेच काम केले. पुण्याच्या पूनावालांचा घोड्यांचा फार्म होता. तिथले म्हातारे घोडे हाफकिनला जात, त्यातूनच १९६६ ला सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि आज जगभर लस विकते. कच्चा माल आणखी कशाला म्हणतात?

एवढे भांडून झाल्यावर आता आपल्याच माणसांना बोलायचे आहे. कोणी हा मजकूर वाचून उद्या घोडा आणायला निघेल तर त्याने आधी चंदीचा हिशेब मांडावा. मध्यम चणीच्या घोड्याला रोज दोन किलो हरभरा धरा. वर्षाचे ७३० किलो, सात क्विंटल तीस. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,६५० रुपये. म्हणजे ४१,२४५ रुपये नुसत्या चंदीचे. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल हरभरा पदरात पडला तर दीड-पावणेदोन एकर एकटा घोडा खातो. वर रोज सहा-सात किलो वाळली वैरण, कोंडा, मीठ, दीड महिन्याला नालबंद. नालबंदही आता पंचक्रोशीत एखादाच उरला आहे. घरचा हरभरा आहे म्हणून तो फुकट, असे धरू नका. बैलाच्या बाबतीत आपण पिढ्यान् पिढ्या तेच केले, आणि शेती फायद्यात असल्याचा भास ओढत राहिलो.

आणखी एक. आपल्या घरात जे असते तेच घोड्याला बाधते. कोवळी हिरवी ज्वारी जनावराला लागते, हे लहान पोरालाही माहीत आहे. घोड्याला ती वेगळ्याही रीतीने बाधते: दिवसेंदिवस हिरव्या ज्वारीवर ठेवला तर लघवीची पिशवी सुजते आणि मागचे पाय लुळे पडतात. सरकीत गॉसिपॉल असते, ते म्हशीचे पोट पचवते, घोड्याच्या शिंगराचे नाही. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला उलटीही होत नाही. चुकीचे पोटात गेले की शूळ उठतो आणि रात्रीतून खेळ संपतो. जखमेतून धनुर्वात त्याच्याइतका सहज कोणाला होत नाही. लस वेळेवर टोचून घ्या. पावसाळ्यात गोमाशीने सर्रा पसरतो, आणि सांभाळायला आलेले घोडे याच दिवसांत आपल्याकडे असतात. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे लातूरकरांचे नशीब. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र बहुतेक वेळ बैल-म्हशींतच जातो, घोड्याला हात लावणारा डॉक्टर शोधावा लागतो.

सगळ्यांत मोठा धोका ग्लँडर्सचा. हा रोग माणसालाही होतो, म्हणून २००९ च्या कायद्याखाली तो कळवावाच लागतो. रक्ताचा नमुना हरियाणात हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात जातो. घोडा बाधित ठरला की मारून टाकतात, आसपासच्या घोड्यांची ये-जा बंद होते, बाजारही थांबतो. नियम बरोबर आहे, त्याला विरोध नाही. पण भरपाई मिळते ती मेलेल्या घोड्याच्या मालकाला. ज्याच्या दारात दहा जणांचे घोडे अडकून पडले, ज्याने ते महिनाभर चारले, त्याचा हिशेब कोणत्याच रकान्यात नाही. तेव्हा दुसऱ्याचा घोडा दावणीला घेण्याआधी तपासणीचा कागद मागा, आणि नवा घोडा पंधरा-वीस दिवस वेगळा बांधा. ओळखीचा आहे म्हणून भीड धरू नका.

आणि नाचाचे घोडे करणाऱ्यांनो, काटेरी लगाम घालून, पाय आवळून घोडा नाचवायचा हे बंद करा. १९६५ च्या नियमात काटेरी लगामाला बंदी आहे. आपण कायद्यातले शब्द काढायला निघालो असताना हा काटा आपल्या हातात दिसता कामा नये.

जुन्या मराठी फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा कुणबिकीच्या दाण्या-वैरणीवरच वाढला. त्या वेळी कोणी विचारले नाही की ही शेती की चैन. इकडे नांदेडला १७०८ ला गुरू गोविंदसिंहजी आले. त्यांच्या नावाने आजही दसऱ्याला, होळीला तिथे घोडे निघतात आणि ते पाहायला आपणच खेड्यातून जातो.

जिल्हा बैठकीत मी ठराव मांडणार आहे. पहिले म्हणजे शेतीच्या व्याख्येतून घोडे वगळणारे शब्द काढावेत आणि जिवंत घोड्याची विक्री बैल-गाढवाच्या ओळीत आणावी. दुसरे म्हणजे माळेगावच्या बाजारात जिल्हा परिषदेने ग्लँडर्सच्या तपासणीचे नमुने जागेवर घ्यावेत, आणि रोगापायी घोडे अडकले तर सांभाळणाऱ्यालाही भरपाई धरावी. ज्यांच्या दारात घोडा आहे, किंवा दुसऱ्याचा निम्म्या वाट्याने वाढवायला घेतलेले शिंगरू आहे, त्यांनी वर्षभराचा जमाखर्च वहीत लिहून आणावा. तोंडी नको, वहीच हवी. माझा पुतण्या त्याची घेऊन येणार आहे, आणि त्या वहीत यंदा तोटा आहे.