केस वाढले, वाद वाढला

परवा आमचे चिरंजीव दिवाळीसाठी पुण्याहून एस.टी.ने दापोलीस उतरले. यंदा अकरावीत गेले आहेत. मानेवर रुळणारे केस, गुडघ्यावर फाटलेली जीन पँट! "विकत घेतलीस, की कुणी दान दिली?" असे मी विचारले मात्र, आणि ऐन सणात घरात अबोला सुरू झाला.

वर्गात 'श्यामची आई' शिकवणारा मी! साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिले. त्यातला पालगडचा श्याम आमच्या दापोलीतच शिकायला होता. सुटीत घरी गेला तो डोक्यावर केस राखून. त्या काळी ते धर्माला सोडून मानीत. वडील रागावले. केसांचा नि धर्माचा संबंध काय, असे श्यामने आईला विचारले. मोह आवरणे हाही धर्मच, असे तिने समजावले. तिचे म्हणणे आज कुणाला पटो न पटो, तिने मुलाच्या प्रश्नाला उत्तर तरी दिले. मी काय दिले? टोमणा! आणि श्यामचे वडील ज्यावर रागावले, तेवढे केस आज आम्हां साऱ्या बापांच्या डोक्यावर आहेत. निदान ज्यांचे उरलेत त्यांच्या!

नरकचतुर्दशीच्या पहाटे ही त्याच्या केसांना तेल चोळीत होती. मी पाटाशेजारी बसलो नि विचारले, "का रे वाढवलेस?"

"बाबा, तिथं मला कुणी ओळखतच नव्हतं. आता निदान केसांवरून ओळखतात."

पँट मला अजून आवडलेली नाही. पण फराळाला आम्ही शेजारी शेजारी बसलो.