तार छेडणारा हात कुणाचा?

मराठी कवितेत वाद्यं पुष्कळ वाजतात. वीणा आहे, सतार आहे, बासरी तर पानोपानी आहे. प्रश्न एवढाच की ती वाजवतं कोण? आणि वाजवताना काय वाटतं हे सांगण्याचा मान कुणाला मिळतो?

केशवसुतांपासून सुरुवात करू. १८९३ सालच्या 'तुतारी'त कवी स्वतःच तुतारी मागतो, स्वतःच फुंकणार म्हणतो. 'सतारीचे बोल'मध्ये रात्रीच्या वेळी एक निराश माणूस सतार ऐकतो आणि त्याचं मन हळूहळू निवत जातं. या मोठ्या कविता आहेत, त्या टाकून द्या असं मी म्हणणार नाही. पण त्यात वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला मन आहे, संताप आहे, दुःख आहे, हे लक्षात ठेवा.

आता बाई कवितेत कशी येते ते पाहा. एकतर ती बासरी ऐकून घरदार विसरते, नाहीतर तिचीच वीणा होते. भावगीतांपासून कॉलेजच्या भित्तिपत्रकापर्यंत हा साचा फिरतो आहे. तिचा देह म्हणजे वीणा, त्याची बोटं तारा छेडतात, मग ती झंकारते. तोपर्यंत ती मुकी!

"अहो, कविता आहे ती, रूपक आहे, एवढं काय मनावर घेता?" असं आपल्याला लगेच ऐकवलं जातं. मनावर घ्यायचं कारण सांगते. वाद्य 'नाही' म्हणत नाही. वाद्याच्या खुंट्या दुसरा पिळतो, सूर दुसरा ठरवतो, वाजवून झालं की खोळीत घालून कोपऱ्यात ठेवतो. तार छेडणं आणि पोरीची छेड काढणं यांना आपल्या भाषेत एकच शब्द पुरतो, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल का? एस.टी. स्टँडवर जी मुलगी 'नाही' म्हणते, तिचा नकार कुणाला ऐकूच येत नाही. हात लावला की ही बोलेलच, हे त्याला इतक्या गाण्यांनी आधीच पटवून दिलेलं असतं.

प्रत्यक्षात बाया वाजवत आल्या आहेतच. अन्नपूर्णादेवी (१९२७–२०१८) वडिलांकडे, बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे मैहरला शिकल्या. सूरबहारवरची त्यांची हुकमत जाणकार आजही सांगतात. १९४१ साली त्यांचं रविशंकरांशी लग्न झालं. पुढे त्यांनी मैफलीत वाजवणं सोडलं आणि मुंबईच्या घरात बंद दारामागे शिष्य घडवले. त्या का थांबल्या, नवरा-बायकोत काय झालं, यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्या काय आणि कसं वाजवत होत्या, यावर त्या मानाने किती थोडं! मुंबईच्याच आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी तबला हातात घेतला तेव्हा तबला हे मर्दानी वाद्य मानलं जात होतं. त्यांनी तो वाजवला, शिकवला, त्याच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला.

आणि आपल्या घरातलं जातं? खुंट्याला दोन हात, घरघरीचा ठेका, त्यावर ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यात राबणाऱ्या हातांची, भावाची, सासरची, जात्याशी केलेल्या बोलण्याची केवढी शब्दसंपत्ती आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींनी तर घरोटावरच गाणं रचलं आणि दळण व गाणं यांचं नातं जोडलं. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. पण या सगळ्याला आपण 'लोकवाङ्मय' म्हणून वेगळ्या फडताळात ठेवतो. सतारीवर कविता लिहिली की ती संगीताची कविता, जात्यावर म्हटली की बायकांची गाणी. ही वर्गवारी कुणी केली?

माझ्या कामातली गोष्ट सांगते. कोल्हापूर जिल्ह्यात मी यल्लम्माला सोडलेल्या बायांबरोबर काम करते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला 'केस' लिहायला शिकवतात. पुनर्वसनाच्या एका अर्जात 'कौशल्य' असा रकाना होता. चाळीस वर्षं चौंडकं वाजवणाऱ्या एका मावशींच्या नावापुढे कार्यालयातल्या माणसाने 'निरंक' लिहिलं आणि शिलाई मशीन मंजूर केलं. मावशींना सुईत दोरा ओवता येत नाही, डोळे गेलेत. चौंडक्याबद्दल मात्र त्या म्हणाल्या, "तार सैल सोडली की रडल्यागत बोलतंय, वढून धरली की भांडल्यागत. कवा रडवायचं, कवा भांडाय लावायचं, ते माज्या हातात."

वाजवतानाच्या भावनेवर यापेक्षा नेमकं कुणी काय लिहिणार? इथे तिला कुणी छेडत नाही, ती छेडते. ताण किती द्यायचा हे तीच ठरवते.

काही कार्यकर्त्या विचारतील, म्हणजे तुम्हाला देवदासी प्रथेचं कौतुक करायचं आहे का? मुळीच नाही. मुलगी देवाला सोडणं हा तिच्यावरचा अत्याचार आहे. महाराष्ट्राने २००५ साली प्रथानिर्मूलनाचा कायदा केला, त्याची अंमलबजावणी कडक व्हावी यासाठी आपण भांडतोच. पण प्रथा मोडताना बाईच्या हातातली विद्याही गुलामीच्याच खात्यात टाकायची, हा कुठला न्याय? तिच्याकडून तिचं लहानपण काढून घेतलं गेलं. आता तिने कमावलेलं एकमेव हुनरही आपण 'निरंक' ठरवणार असू, तर ही दुसरी लूट झाली.

पुण्याच्या गणेशोत्सवातल्या ढोल-ताशा पथकांत आज मुली मोठ्या संख्येने आहेत. वर्तमानपत्रांना त्यांची नथ आणि फेटा दिसतो. टिपरू धरून तळव्याला आलेला फोड आणि कमरेला काचलेला दोर दिसत नाही. त्या ठोक्यात त्या मुलीला काय सापडतं, हे तिला कुणी विचारत नाही.

म्हणून आपल्या गटांपुढे काही गोष्टी ठेवते. आपल्या शिबिरांत गाणं बायांचं आणि ढोलकी कुणाच्या तरी भावाची, हा रिवाज बंद करू. ढोलकी, डफ, हलगी शिकायला पैसे आणि वेळ काढू. गावातल्या वाजवणाऱ्या बाईकडे वही घेऊन जाऊ. कुणी शिकवलं, कुणी अडवलं, वाजवताना अंगात काय होतं, हे विचारू. ती सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवू, शुद्ध करायला बसणार नाही. आणि कवितावाचनात पुन्हा कुणी बाईच्या देहाची वीणा मांडली, तर टाळ्या वाजवण्याआधी उभं राहून विचारू, "या वीणेला वाजायचं होतं का?"