काहीच न आलेली बरणी

शेजारच्या नववीतल्या मुलीला शाळेत 'पाण्यातले सूक्ष्मजीव' असा प्रकल्प होता. भाताचं पिंजर पाण्यात उकळायचं, ते पाणी चार दिवस ठेवायचं आणि मग थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पोरीने पिंजर चांगलं वीस मिनिटं उकळलं आणि पाणी गरम असतानाच झाकण घट्ट लावलं. चौथ्या दिवशी बाकीच्यांच्या बरण्यांत जीव पोहत होते, हिच्या थेंबात पोहणारं काहीच नव्हतं. 'प्रयोग फसला' असा शेरा मिळाला, गुण कापले गेले. रडवेली होऊन आली. "काका, मी सगळं नीट केलं होतं हो."

नीटच केलं होतं, इतरांपेक्षा जास्त नीट. इटलीच्या स्पालान्झानींनी 1765 मध्ये याच भांडणावर पुस्तक लिहिलं. गवताच्या काढ्यात जीव आपोआप जन्मतात, असं तेव्हा पुष्कळ विद्वान मानत. स्पालान्झानींनी काढा भरपूर वेळ उकळून भांड्यांची तोंडं पक्की बंद केली आणि ती भांडी निर्जीव राहिली. म्हणजे जीव काढ्यातून उपजत नाहीत, कुठून तरी आत येतात. हिची बरणी तेच सांगत होती, पण ऐकायला कुणी नव्हतं.

मीही फार शहाणा नव्हतो. वर्गात इतकी वर्षं मुलांकडून पॅरामेशियमची आकृती काढून घेतली, पण कोरड्या गवतावर हे जीव येतात तरी कुठून, हे कधी धड सांगितलं नाही. गंमत म्हणजे पॅरामेशियम कोरडं पडून राहण्यासाठी स्वतःभोवती कवच करतो, असं कुणी खात्रीने दाखवलेलं नाही. त्याला ओलाव्यातूनच यावं लागतं. कोरड्या गवतातून आणि मातीतून बहुतेक वेळा सगळ्यांत आधी उठतो तो कोल्पोडा. एकाच पेशीचा, मूत्रपिंडाच्या आकाराचा, अंगभर बारीक केसांनी पोहणारा आणि बॅक्टेरिया खाणारा जीव. अशा केसवाल्या जीवांना सिलिएट म्हणतात. याचं 'कोल्पोडा' हे नाव 1773 पासूनचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही प्रयोग पुन्हा केला. उकळलेलं तेच पाणी दोन बरण्यांत भरलं. एक तशीच बंद ठेवली. दुसरीत पाणी गार झाल्यावर गच्चीवरच्या कुंडीतली चिमूटभर कोरडी माती टाकली. फेब्रुवारीपासून त्या कुंडीला कुणी पाणी घातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मातीच्या बरणीत कोल्पोडांची झुंबड होती. बंद बरणीतलं पाणी जरासं गढुळलं होतं, कारण काही बॅक्टेरियांचे बीजाणू उकळूनही तगतात, पण सिलिएट एकही नव्हता.

पण ते मातीत कसे बसलेले असतात, हे मातीच्या कणांत शोधणं अवघड. त्यावर तोड सोपी आहे. कोल्पोडांनी गजबजलेला थेंब काचेवर ठेवायचा आणि शेजारी ओला कापूस ठेवून वर वाटी पालथी घालायची, म्हणजे थेंब सावकाश सुकतो. खाणं संपतं, गर्दी वाढते आणि कोल्पोडाला इशारा मिळतो. तो पोहणं थांबवून गोल होतो आणि भोवती आधी बाहेरची भिंत बांधतो, मग तिच्या आत आणखी थर. आतलं पाणी कमी होतं. हळूहळू अंगावरचे केस जातात, तोंडाची रचनाही मोडली जाते. बी पेरण्यासारखं नाही हे. घर बंद करून गावाला जाताना माणसाने भिंतीतली तारही गुंडाळून ठेवावी, असं काहीतरी. उरते ती काचेला चिकटलेली गोटी, म्हणजे सिस्ट.

याला वेळ लागतो, आणि सगळा खेळ त्या वेळेचाच आहे. आमची पहिली काच पंख्याखाली दहा मिनिटांत वाळली. तिच्यावर फुटलेल्या पेशींचे डाग होते, गोटी एकही नाही. वाटीखालच्या काचेवर सकाळी तीसेक गोट्या मोजल्या. भिंत पुरी झालेली कोरडी सिस्ट मात्र भलती चिवट. गुडी नावाच्या संशोधकाने 1915 मध्ये इंग्लंडमध्ये कित्येक दशकं साठवून ठेवलेल्या मातीच्या नमुन्यांतून प्रोटोझोआ जागे झाल्याची नोंद छापली होती.

आठवड्याने आम्ही त्या वाळलेल्या काचेवर पिंजराच्या पाण्याचा ताजा थेंब टाकला आणि डोळा लावून बसलो. पहिला तास कंटाळवाणा. मग एका गोटीत छोटी पारदर्शक बुडबुडी दिसली. ती फुगायची, नाहीशी व्हायची, पुन्हा फुगायची. पेशीतलं जादा पाणी बाहेर फेकणारा हा तिचा पंप, तो पुन्हा चालू झाला होता. पोर ओरडलीच, "काका, हृदय!" हृदय नव्हे ते, पण मी दुरुस्ती करायला गेलो नाही. पुढे आतला गोळा फुगून बाहेरची भिंत तडकली. पातळ आतल्या पिशवीसकट गोळा बाहेर सरकला आणि पिशवीतच गरगर फिरू लागला. नवे केस आले होते. दोन तास चाळीस मिनिटांनी पिशवी फाटली, कोल्पोडा सुटला आणि मागे रिकामं टरफल उरलं.

कोल्पोडाची आणखी एक सवय सांगायची राहिली. तो पिल्लं घालतो तेही बहुधा गोटी होऊनच, पण ती पातळ कवचाची. तिच्यात विभागून तो साधारण चार होऊन बाहेर पडतो. ती गोटी झोपेची नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका.

घरी करून बघायचं असेल तर महागडं काही लागत नाही. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेल्या कागदी फोल्डस्कोपमधून सुमारे 140 पट मोठं दिसतं, पोहणारा कोल्पोडा त्यात सहज सापडतो. बुडबुडी बघायला मात्र शाळेतला सूक्ष्मदर्शक बरा. माती पावसाआधीची घ्या आणि पाणी गार झाल्याशिवाय ती टाकू नका. कोरडेपणी चिवट असलेली सिस्ट भिजल्यावर उकळत्या पाण्यात टिकत नाही.

संध्याकाळपर्यंत आमच्या काचेवरच्या बहुतेक गोट्या रिकाम्या झाल्या होत्या. चार तशाच होत्या. "या मेल्या का?" तिने विचारलं. मलाही बघून सांगता येईना. तिने काच पुन्हा वाटीखाली सावकाश वाळवली, कागदात गुंडाळली आणि वर तारीख घातली. दिवाळीच्या सुट्टीत तिच्यावर परत थेंब टाकायचा आहे.