कुम्हारां का काम

"बाजी, ये कुम्हारां का काम तुमकू कायकू?" गेल्या महिन्यात एका लग्नात नात्यातल्या बाईंनी मला विचारलं. माझ्या नखांत माती राहिली होती. मेहंदीच्या हातांमध्ये ती उठून दिसली असणार.

वर्ष झालं, दर रविवारी मी आमच्या गावातल्या कुंभारकाकांकडे चाकावर बसते. लहानपणी त्यांच्या अंगणात आम्ही मातीची चूल, बैल, भातुकलीची भांडी करायचो. मग शाळा, बीएड, नोकरी, लेकरं. तीस वर्षं हाताला लागला तो फक्त खडू.

"घरी कामं नाहीत का?" याला मी उत्तर देत नाही. टपरीवर चार तास बसणाऱ्या पुरुषाला हे कुणी विचारत नाही. "मूर्तिकाम आपल्यात चालत नाही," असंही एकाने सांगून पाहिलं. अहो, मी वजूचा बधना करते. बधन्याला चेहरा नसतो, तोटी असते, आणि ती तोटी नीट बसवायला शिकण्यात माझे सहा महिने गेले.

खरी गोम त्या बाईंच्या वाक्यात आहे. मशिदीत आपण एका सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतो आणि सोयरीक आली की आधी बिरादरी विचारतो. मातीत हात घालणारा खालचा, कागदावर सही करणारा वरचा, हे कुठल्या किताबात वाचलं आपण? सूरह रहमानमध्ये तर माणसाच्या घडणीला भाजलेल्या मातीच्या भांड्याची उपमा आहे. ज्यांच्या नावाने नक्शबंदी सिलसिला चालतो त्या बहाउद्दीन नक्शबंद यांचे पीर होते अमीर कुलाल. फारसीत कुलाल म्हणजे कुंभार. कच्छमधल्या खावड्याचे कुंभार मुसलमानच आहेत. चाक पुरुष फिरवतात, भांड्यांवरची नक्षी बायका काढतात. फारसीतला कूझा उर्दूत आला, मराठीत कुजा झाला. शब्द आपण घरात घेतला, घडवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं.

माझी बाजू घेणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, "ताण कमी होतो म्हणून करते बिचारी." तेही मला मान्य नाही. खरं तर ताण वाढतो! माती नीट मळली नाही, एखादा खडा राहिला, की भट्टीत भांडं तडकतं. मागच्या खेपेला माझ्या पाचांपैकी तीन गेली. दुसरी कुणी विचारते, विकून किती मिळतात? एक पैसाही नाही. मला करावंसं वाटतं, एवढं कारण चाळिशी ओलांडलेल्या बाईला पुरू नये? की आपल्याकडे बाईने औषध म्हणून नाही तर कमाई म्हणूनच काही करायचं?

काकांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. चाकावर बसायची त्याला लाज वाटते, असं काका एकदा माती मळता मळता म्हणाले, आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत. ही लाज त्याला कुणी दिली, हे मला त्या बाईंना विचारायचं आहे. दोन बधने शाबूत निघालेत. एक घेऊन जाईन त्यांच्याकडे.