रिफ्रेश करू नका म्हणे!

‘रिफ्रेश करू नका, बॅक दाबू नका.’ पैसे भरताना पडद्यावर येणारी ही ताकीद म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्यांच्या कामचुकारपणाची लेखी कबुली आहे.

जबलपूरच्या गोलबाजारात एक मुलगी फोनवर नोकरभरतीचा अर्ज भरत होती. जातीचा दाखला, दहावीचे गुण, फोटो, सही, सगळं चढवून झालं. ओटीपी आला. तो बघायला ती मेसेजमध्ये गेली आणि परत आली, तर पान नव्याने लोड होऊन कोरं करकरीत! शेजारचा ऑनलाइन सेंटरवाला एवढंच म्हणाला, “फिर से भरो, बेटा.” कमी रॅमचा फोन मागे पडलेलं पान टाकून देतो, हे वेबसाइट बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं? पान सोडायला लावलं त्यांच्याच ओटीपीने, आणि भुर्दंड तिला.

जाब विचारला की उत्तर ठरलेलं: ‘पान सोडताना आम्ही इशारा देतो.’ कसला इशारा? पान बंद होण्याआधी ब्राउझर देतो त्या ‘बिफोरअनलोड’ संकेतावर विसंबलेला. फोनवर अ‍ॅप बोटाने सरकवून बंद केलं, की तो बहुतेक वेळा उमटतच नाही. त्यातला मजकूरही साइटच्या हातात उरलेला नाही. फसव्या साइट त्यातून लोकांना घाबरवू लागल्या, म्हणून क्रोमने २०१६ मध्ये ती मुभा काढून घेतली. पान नजरेआड झाल्याचं सांगणारा ‘व्हिजिबिलिटीचेंज’ त्यातल्या त्यात भरवशाचा. तेव्हा ‘सेंडबीकन’ने माहिती सर्व्हरला धाडता येते. पण बॅटरी संपली, रेंज गेली, की तेही संपलं. मग माणूस निघेपर्यंत थांबायचंच कशाला? रकाना भरला की तिथल्या तिथे साठवा.

पैशांचंही तेच. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे कापू नका, आधीचा निकाल दाखवा. मग रिफ्रेशची भीती कुणाला?

यूपीआयने पैसे कापले गेले पण दुकानदाराला पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर पाच दिवसांत रक्कम परत करा, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्या, असं रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात बजावलं आहे. पैशांना वाली मिळाला. शेवटच्या तारखेला बुडालेल्या अर्जाची भरपाई कोण देणार?

ज्या सरकारी खात्यांना वेबसाइट बनवून घ्यायच्या आहेत, त्यांनी निविदेतच अट घालावी: अर्ज अर्ध्यावर असताना फोन बंद करून दाखवा, चालू केल्यावर तो तिथूनच पुढे गेला पाहिजे. नाही गेला, तर कंत्राटदाराचं बिल अडवा.