ऊस पेटला तर ‘घर सोडा’ असं सांगणार कोण? समजून घ्या

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात वणवे पेटले. १६ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. सुमारे १ लाख ८० हजार लोकांना घर सोडण्याचे आदेश मिळाले, तेही मोबाइलवर. त्यातला एक इशारा चुकून जवळपास १ कोटी लोकांना गेला आणि गोंधळ उडाला. तरीही तिथे लोकांना बाहेर काढणं ही कुणाची तरी जबाबदारी होती. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या एखाद्या वस्तीशेजारी आग लागली, तर ही जबाबदारी कुणाची?

आपल्याकडे आग लागते कुठे?

एक माळरानावर. शेळगावच्या परिसरातच कडबनवाडीचं गवताळ वनक्षेत्र आहे. चिंकारा आणि लांडग्यांचं हे घर उन्हाळ्यात वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी पुरते.

दुसरी उसात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इंदापूर-बारामतीचा ऊस उभा आहे. तोडणीला आलेल्या उसात वाळलेलं पाचट खच्चून भरलेलं असतं. लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, कुणी बांध पेटवून दिला किंवा विडीचं थोटूक टाकलं, की फड पेटतो. वारा असला तर आग बांध ओलांडून पुढे जाते.

इथली बरीच कुटुंबं गावठाणात नाही, मळ्यात राहतात. घर, गोठा, कडब्याची गंज आणि ऊस, सगळं हाकेच्या अंतरावर.

उपग्रहाचा इशारा मिळत नाही का?

मिळतो. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींचे इशारे एसएमएसने पाठवते. कुणालाही नोंदणी करता येते. पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो आणि ही यंत्रणा मुख्यतः जंगलासाठी आहे. उसाचा फड त्याआधीच जळून गेलेला असतो. आपल्याकडे खरा इशारा म्हणजे शेजाऱ्याचा फोन आणि आरडाओरडा.

सगळ्यात जास्त धोका कुणाला?

मळेकऱ्याचं घर निदान विटांचं असतं. ऊसतोड कामगारांची कोपी पाचट, बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाची असते. चूल तिथेच. दिवसभर आईबाप फडात आणि लहान मुलं कोपीपाशी. ही माणसं बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांना माहीत नसतो आणि शेजारच्या वस्तीचा नंबरही नसतो.

आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांत झोपडी नष्ट झाल्यास ८ हजार रुपये ठरवले होते, दुभती म्हैस दगावल्यास ३७ हजार ५००. कोपीची नोंदच कुठे नसेल, तर ही मदत मागायची तरी कशाच्या आधारावर?

मग करायचं काय?

आमचं म्हणणं असं की गळीत हंगाम सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीने वस्तीनिहाय आराखडा करावा. कोणती टोळी कुठे उतरली आहे, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि चिटबॉयला माहीत असतं. ती यादी फक्त तोडणीसाठी वापरायची आणि जिवासाठी नाही, हे पटत नाही. कोप्या उभ्या उसापासून लांब, रस्त्याच्या कडेला आणि पाण्याजवळ असाव्यात. प्रत्येक टोळीच्या मुकादमाचा नंबर ग्रुपमध्ये हवा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कारखाना, महावितरण आणि पंचायत यांना एका टेबलावर बसवणं त्यांना अवघड नाही.

घरात आजच ठरवून ठेवा

• लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना कोण बाहेर काढणार, जनावरांचं दावं कोण सोडणार. वेळ नसेल तर दावं कापा, गाठ सोडत बसू नका.

• जमायची जागा एकच ठेवा: नांगरलेलं रान किंवा डांबरी रस्ता. उभ्या उसातून वाट काढू नका. वाऱ्याच्या दिशेने पळू नका, आडव्या दिशेने बाहेर पडा.

• सातबारा, आधार, बँक पासबुक आणि औषधं एका पिशवीत दाराजवळ ठेवा.

• घर आणि गोठ्याभोवतीचं पाचट, गवत हंगामाआधी काढा. कडब्याची गंज घरापासून लांब रचा.

• फोन: अग्निशमन १०१, आपत्कालीन ११२, वनविभाग १९२६, महावितरण १९१२. तार तुटून पडली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नका.

• नंतर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. तारांमुळे आग लागली असेल तर विद्युत निरीक्षकांचा अहवाल महत्त्वाचा ठरतो. फोटो काढून ठेवा.

जळीत ऊस लगेच कारखान्याला घालायची धावपळ दरवर्षी होते आणि त्यासाठी सगळी यंत्रणा रात्रीतून हलते. त्याच घाईने आधी कोपीतली पोरं बाहेर काढायची व्यवस्था गावाने या हंगामाआधी करायला हवी.