‘शेवटचे काही प्रयोग’ वाचल्यावरच आपल्याला जाग का येते?

आधी एक कबुली देते. ‘संगीत देवबाभळी’ रंगभूमीवर आलं तेव्हा मी अकरावीत होते. आई तेव्हापासून म्हणत होती, ‘‘अगं, एकदा जाऊ या.’’ आणि मी तेव्हापासून म्हणत होते, ‘‘जाऊ गं, चालूच आहे ते.’’ मधे बारावी झाली, कोरोना आला आणि गेला, मास कॉमची डिग्री झाली, आता इंटर्नशिप सुरू आहे. मागच्या महिन्यात पेपरातल्या जाहिरातीत ‘निरोपाचे प्रयोग’ असे शब्द दिसले आणि मी धावत ऑनलाइन बुकिंग उघडलं. खालच्या मजल्यावरच्या सगळ्या खुर्च्या लाल झालेल्या. उरल्या होत्या बाल्कनीतल्या, अगदी मागच्या रांगेतल्या दोन. आणि आमच्या नाट्यगृहाच्या बाल्कनीला लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेल्या वर्षीपासून दोन मजले चढू देत नाहीत. ती म्हणाली, ‘‘तू बघून ये, मला येऊन सांग.’’

तुमच्याही घरात किंवा ग्रुपमध्ये असं एखादं ‘जाऊ गं’ असेलच. म्हणून हा विषय. 2023च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत षण्मुखानंद सभागृहात पाचशेवा प्रयोग करून ‘देवबाभळी’नं निरोप घेतला. सगळीकडे हाऊसफुल्लचे बोर्ड, सोशल मीडियावर तिकिटांचे फोटो, ‘कुणाकडे एक्स्ट्रा तिकीट आहे का?’च्या स्टोऱ्या. बघायला छान वाटतं. पण ही गर्दी नाटकाच्या शेवटाला का होते, आणि त्यातून आपल्याला काय कळतं?

‘चालूच आहे’ हा गैरसमज

थोडं गणित करू. (मलाही गणित आवडत नाही, पण हे सोपं आहे.)

नाटक आलं 2017च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे जवळपास सहा वर्षं. त्यातून कोरोनाचा काळ वजा करा. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधे थोडे दिवस उघडली, पुन्हा बंद झाली आणि 22 ऑक्टोबर 2021 पासून निम्म्या क्षमतेनं सुरू झाली. म्हणजे हातात राहिली साधारण साडेचार वर्षं. त्यात पाचशे प्रयोग. आठवड्याला सरासरी दोन.

आता हे दोन प्रयोग आख्ख्या महाराष्ट्रात वाटा. आज ठाणे, उद्या पुणे, पुढच्या आठवड्यात नाशिक, मग कोल्हापूर-सांगलीचा दौरा. मराठी नाटक एका जागी मुक्काम ठोकून बसत नाही, ते फिरत असतं. त्यामुळे नाटक ‘सहा वर्षं चालू’ असलं, तरी तुमच्या गावात ते वर्षातून मोजक्याच वेळा येतं. आणि त्यातला एखादा प्रयोग परीक्षेत, एखादा दिवाळीत, एखादा तुमच्या मित्राच्या बर्थडेला येतो. झालं, संपलं वर्ष!

अजून एक हिशेब. समजा, प्रत्येक प्रयोगाला आठशे माणसं होती. पाचशे प्रयोगांचे झाले चार लाख प्रेक्षक. 2011च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेली माणसं साधारण 8 कोटी 30 लाख. म्हणजे एवढं गाजलेलं, एवढे पुरस्कार मिळालेलं नाटकही दोनशे मराठी माणसांमागे फार तर एकानं पाहिलं. आपल्या रीलला याहून जास्त व्ह्यूज मिळतात! तेव्हा ‘सगळ्यांनी पाहिलंय, मीच राहिलोय’ असं वाटत असेल, तर टेन्शन घेऊ नका. बहुतेक सगळेच राहिलेत. काळजी करायची तर ती याचीच.

न्यूयॉर्कमध्येही हेच

ही सवय फक्त आपली नाही. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे म्युझिकल न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 1988 पासून सुरू होतं. सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर झालं की फेब्रुवारी 2023 मध्ये ते बंद होणार. वाढता खर्च आणि कोरोनानंतर घटलेले पर्यटक ही कारणं दिली गेली. आणि घोषणा होताच तिकिटांवर उड्या पडल्या. इतक्या, की शेवटची तारीख पुढे ढकलून 16 एप्रिल 2023 करावी लागली. शेवटच्या महिन्यांत एका आठवड्याची कमाई तीस लाख डॉलरच्याही पुढे गेली. पस्तीस वर्षं, 13,981 प्रयोग, आणि तरी लोकांना जाग आली ती पाटी लागल्यावरच.

पण एक फरक आहे. ब्रॉडवेवर नाटक एकाच थिएटरात आठवड्याला आठ प्रयोग करतं. त्या वेगानं ‘देवबाभळी’चे पाचशे प्रयोग सव्वा वर्षाच्या आत संपले असते. शिवाय तिथे कुठल्या नाटकानं किती कमावलं, किती खुर्च्या भरल्या, याचे आकडे दर आठवड्याला जाहीर होतात. नाटक आजारी पडलं तर ते चार महिने आधी दिसतं. आपल्याकडे असे आकडे बाहेर येतच नाहीत. आपल्याला दिसतो तो फक्त हाऊसफुल्लचा बोर्ड, नाहीतर जाहिरातीतून गायब झालेलं नाव. रिकाम्या खुर्च्यांची बातमी होत नाही.

मग चालणारं नाटक थांबतं कशाला?

हा प्रश्न मलाही पडला होता. नाटक पडलं म्हणून बंद झालं, हे समजू शकतं. पण हाऊसफुल्ल असताना?

प्रत्येक नाटकाची कारणं वेगळी असतात. तरी फिरत्या नाटकाचा संसार कसा चालतो हे पाहिलं, की थोडा अंदाज येतो. एक प्रयोग म्हणजे नाट्यगृहाचं भाडं, जाहिराती, सेटचा टेम्पो, कलाकारांची बस, दौऱ्यावर राहणं-जेवणं, लाइट-साउंड आणि सगळ्यांची ‘नाइट’. नाइट म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसे. ते कलाकारांना असतात तसेच पडद्यामागच्यांनाही. प्रयोग नाही तर नाइट नाही, इतका साधा हिशेब.

खर्च वाढत जातो, तिकीट मात्र त्या प्रमाणात वाढवता येत नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे. त्यावर एक रुपया वाढवला तर कर लागतो. म्हणून अनेक नाटकांची पहिल्या रांगेची तिकिटं पाचशेवरच अडतात. दुसरीकडे, 2023च्या मे महिन्यात मुंबईत ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आलं, तेव्हा हजारांच्या घरातली तिकिटं घेऊन लोक गेलेच. त्यांना नावं ठेवायची नाहीयेत. पण ‘मराठी नाटक महाग झालंय बुवा’ म्हणताना हे आठवायला हरकत नाही.

त्यात तारखांची मारामारी. पालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा काही महिन्यांच्या एकत्रच वाटल्या जातात. शनिवार-रविवार सगळ्यांनाच हवे असतात. नाटकं, शाळांची गॅदरिंग, ऑर्केस्ट्रा, पक्षांचे मेळावे, सगळे एकाच रांगेत.

संगीत नाटकाचं तर आणखी अवघड. ‘देवबाभळी’त रंगमंचावर फक्त दोघी. संत तुकारामांची आवली आणि तिच्या घरी लखूबाई बनून आलेली रुखमाई. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी दोन तास बोलायच्या, काम करायच्या आणि प्रत्यक्ष गायच्या. घसा बसला तर लपायला तिसरं पात्र नाही. असं पाचशे वेळा करायचं! ‘सही रे सही’सारखं नाटक 2002 पासून चालू राहतं, ती कमाल आहेच. पण प्रत्येक नाटकाचा श्वास तेवढा नसतो, आणि भरल्या घरातून उठण्याचा हक्क नाटकालाही असतो.

बाल्कनीतून काय दिसलं

तर मी एकटी गेले. आईचं तिकीट कॉलेजच्या मैत्रिणीला दिलं. तिसरी घंटा झाली, मोबाइल बंद ठेवण्याची सूचना झाली, आणि अंधारात पहिला सूर आला. पुढे काय होतं ते सांगत नाही. प्राजक्त देशमुख यांच्या याच नाटकाच्या संहितेला 2020चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालाय, नाटक पुस्तकरूपात आहे, ते वाचता येईल. पण आनंद ओक यांचं संगीत बाल्कनीपर्यंत समोरून चालत येतं, ते पुस्तकात नाही मिळणार. आमच्या रांगेतली कॉलेजची पोरं सुरुवातीला कुजबुजत होती. मध्यंतरात सामोशाच्या रांगेत तीच पोरं एकमेकांना विचारत होती, ‘‘आपण हे आधी का नाही पाहिलं?’’

प्रयोग संपल्यावर मी मागच्या दाराशी थांबले. पडदा पडून अर्धा तासही झाला नव्हता आणि सेटचे तुकडे टेम्पोत चढत होते. सामान उचलणाऱ्या एका दादांना विचारलं, ‘‘आता कुठे?’’ ते म्हणाले, ‘‘उद्या दुपारी दुसऱ्या गावाला. महिना संपला की दुसरं नाटक बघायचं, ताई.’’ आणि वाकून पुढचा तुकडा उचलला. माझ्यासाठी तो निरोपाचा प्रयोग होता. त्यांच्यासाठी एक नाइट.

सगळी चूक आपलीच का?

नाही. शेवटच्या गर्दीचा सगळा दोष प्रेक्षकांवर टाकणं सोपं आहे, पण खरं नाही. रात्री साडेनऊचा प्रयोग संपतो साडेबाराला. तेव्हा बस नसते आणि हॉस्टेलचं गेट बंद झालेलं असतं. कित्येक नाट्यगृहांची स्वच्छतागृहं पाहून पाणी प्यायचं टाळावंसं वाटतं. आणि ज्या बाल्कनीला लिफ्ट नाही, ती माझ्या आईसारख्या प्रेक्षकांना दारातूनच परत पाठवते. यावर बोलायलाच हवं, आणि आपण पत्रकारितेची पोरं ते बोलूच.

पण आपल्या हातात काहीच नाही, असंही नाही. नाटकाचं भवितव्य शेवटच्या पंचवीस प्रयोगांत ठरत नाही, पहिल्या पंचवीसांत ठरतं. तेव्हाच बुकिंग पाहून निर्माता पुढच्या तारखा घ्यायच्या की नाही ते ठरवतो. त्या वेळी काढलेलं तिकीट नाटकाला पुढच्या गावी नेतं. शेवटी काढलेलं तिकीट फक्त आपली हळहळ कमी करतं. कौतुक म्हणून दोन्ही सारखीच, पण त्यांचं काम वेगळं.

म्हणून माझ्यापुरतं मी दोन गोष्टी ठरवल्यात, पटल्या तर तुम्हीही घ्या. एक, महिन्यातून एक नाटक, आणि त्यातही नवं, पंचविशी न गाठलेलं. चौघांनी मिळून मागच्या रांगेची तिकिटं काढली, तर एका पिझ्झाच्या आसपास पैसे जातात. दोन, ग्रुप बुकिंग. तुमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळानं पन्नास जणांची यादी करून बुकिंग खिडकीवर किंवा थेट निर्मात्याकडे विचारलं तर सवलत मिळू शकते. विचारायला पैसे पडत नाहीत.

पाच नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन झाला. 1843 साली याच दिवशी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून तो साजरा होतो. त्या दिवशी आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला. तेव्हा माझ्याकडे एकाही नाटकाचं तिकीट नव्हतं.

घरी आले तेव्हा एक वाजत आला होता. आई जागी होती. ‘‘सांग,’’ म्हणाली. मी सांगायला लागले आणि दहा मिनिटांत थांबले. गाणं सांगता येत नाही हो. मग मोबाइल काढला, पुढच्या रविवारच्या एका नव्या नाटकाची दोन तिकिटं काढली. खालच्या मजल्यावरची, कडेची, म्हणजे तिला पाय लांब करता येतील.

चौदावा प्रयोग आहे. अर्ध्याहून जास्त खुर्च्या अजून रिकाम्या दिसतायत. तुम्ही येताय?